ब्रागांझा घराणं : मुंबई आंदण देणारे हे लोक मुळात कोण?

भुईगावकर :

नमस्कार मंडळी. मी वसईचा. सुट्टीत शाळेच्या मुलांना किल्ला दाखवायला नेतो. बहादूरशहानं १५३४ साली पोर्तुगिजांना वसई दिली तिथपासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली तिथपर्यंत सगळं सांगता येतं. गाडी अडते ती मुंबईपाशी. "पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली" असं म्हटलं की आठवी-नववीची मुलं लगेच विचारतात, "सर, ते देणारे कोण?" ब्रागांझा घराणं, एवढं नाव त्यांना पुरत नाही आणि मलाही पुरत नाही.

माझ्या डोक्यातला गुंता असा. १५८० ते १६४० पोर्तुगालवर स्पेनचाच राजा होता. मग १६४० मध्ये राजे झालेलं हे घराणं तोवर काय करत होतं? मूळ पुरुष एका राजाचा अनौरस मुलगा होता असंही वाचलंय. मग त्याच्या वंशाला गादी मिळाली कशी? आणि नुकत्या गादीवर आलेल्यांनी मुंबई एवढ्या लवकर देऊन का टाकली? जाणकारांनी सविस्तर लिहावं. लांबलं तरी चालेल.

बखरवाचक :

दुसऱ्या प्रश्नाचं थोडक्यात सांगतो. ४ ऑगस्ट १५७८ ला मोरोक्कोत अल्कासर-किबीरच्या लढाईत पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियन मारला गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याचे चुलत आजोबा, कार्डिनल हेन्रिक, गादीवर बसले, तेही १५८० मध्ये गेले. मोठे दावेदार तीन : स्पेनचा दुसरा फिलिप, ब्रागांझाची डचेस कातारीना आणि क्रातोचा अंतोनियो. तिघंही पोर्तुगालच्या पूर्वीच्या मानुएल राजाची नातवंडं. फौज फिलिपकडे होती. त्याच्या आल्बाच्या ड्यूकनं लिस्बनजवळ अल्कांताराला अंतोनियोची दाणादाण उडवली आणि १५८१ मध्ये तोमारच्या सभेनं (सरदार, धर्मगुरू आणि शहरांचे प्रतिनिधी यांच्या) फिलिपला राजा मानलं. ब्रागांझांनी मानमरातब घेतले, जमिनी राखल्या आणि गप्प बसले. साठ वर्षांनी लिस्बनच्या सरदारांनी उठाव केला, त्यांना राजा हवा होता, आणि देशातला सर्वांत मोठा सरदार म्हणजे ब्रागांझाचा ड्यूक. माझ्या मते या घराण्याकडे कर्तृत्व बेताचं होतं, नशीब भरपूर.

एव्होरावासी :

भुईगावकर, मी नोकरीनिमित्त पोर्तुगालच्या आलेंतेजो प्रांतात, एव्होरा शहरात राहते. ब्रागांझांचं गाव व्हिला व्हिसोझा इथून गाडीनं तासाभराच्या आत. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तो वाडा दाखवायला नेते, त्यामुळे ही माणसं आता ओळखीची वाटतात. बखरवाचकांनी घटना बरोबर दिल्यात, 'नशीब' मात्र मला मान्य नाही. हे घराणं त्याच्या लेकीसुनांनी उभं केलं. वंशावळीत पहिला ड्यूक, दुसरा ड्यूक असे पुरुषांचे आकडे असतात. जमीन, नातं आणि हक्क हे तिन्ही जवळजवळ दर वेळी बाईकडून आलेत.

आधी अनौरसपणाचं. मूळ पुरुष अफोन्सो, जन्म १३७७. आई इनेस पिरेस, बाप जुआंव. हा जुआंव स्वतःच पेद्रो राजाचा अनौरस मुलगा आणि आविस नावाच्या धर्मयोद्ध्यांच्या पंथाचा प्रमुख. १३८३ मध्ये औरस पुरुषवंश खुंटला, शेजारच्या कास्तीलचा (आजच्या स्पेनमधलं तेव्हाचं मोठं राज्य) राजा गादीवर हक्क सांगत चालून आला, तेव्हा १३८५ च्या एप्रिलमध्ये कोइंब्राच्या सभेनं याच अनौरस मुलाला राजा निवडलं. त्याच वर्षी १४ ऑगस्टला आल्जुबारोताला त्यानं कास्तीलच्या मोठ्या फौजेला हरवलं. म्हणजे ज्या घरात अफोन्सो वाढला, तिथे अनौरस माणूस राजा झालेला सगळ्यांनी पाहिला होता. १४०१ मध्ये बापानं त्याला रीतसर औरस ठरवून घेतलं.

आल्जुबारोताची लढाई जिंकून देणारा सेनापती नुनो आल्व्हारेस परेरा. राजानं त्याला इतके परगणे बक्षीस दिले की राजानंतर देशात जमीन सर्वांत जास्त त्याचीच. बार्सेलोस, ओरेम, आरायोलोस अशी तीन सरदारक्या एकाच्या हातात. (हा नुनो म्हातारपणी सगळं सोडून लिस्बनच्या कार्मेलाइट मठात राहिला आणि २००९ मध्ये पोपनं त्याला संतपद दिलं. लिस्बनला गेलात तर १७५५ च्या भूकंपात छप्पर कोसळलेला तो मठ नक्की पाहा, आत उभं राहिलं की वर उघडं आभाळ दिसतं.) या नुनोला एकच मुलगी जगली, बेआत्रीस. १४०१ च्या नोव्हेंबरात तिचं लग्न अफोन्सोशी झालं. राजाला नाव न मिळालेल्या मुलाची सोय लावायची होती आणि सेनापतीची दौलत राजघराण्याच्या कक्षेत ठेवायची होती, दोन्ही एकाच मांडवात झालं. बेआत्रीस तीन मुलं मागे ठेवून लवकर वारली. ब्रागांझांची पुढची सगळी श्रीमंती तिच्या माहेरची.

'ब्रागांझाचा ड्यूक' ही पदवी मिळाली १४४२ मध्ये. अल्पवयीन राजाचा कारभार तेव्हा त्याचा चुलता पेद्रो पाहत होता. पेद्रो म्हणजे अफोन्सोचा सावत्र भाऊ. त्यानं रुसलेल्या भावाला जवळ ठेवायला ही पदवी दिली आणि त्याच भावानं पुढे तरुण राजाचे कान पेद्रोविरुद्ध भरले. १४४९ च्या मे महिन्यात आल्फारोबेराच्या लढाईत पेद्रो मारला गेला. या पहिल्या ड्यूकबद्दल मला आपुलकी वाटत नाही, हे सरळच सांगते.

आता लक्ष द्यायचं ते त्याच्या मुलीकडे. इझाबेलचं लग्न त्यानं आपल्याच सावत्र भावाशी, राजपुत्र जुआंवशी लावलं. तिच्या दोन मुली. थोरली कास्तीलची राणी झाली आणि तिच्या पोटी जन्मली इझाबेला, कोलंबसला जहाजं देणारी. धाकटी बेआत्रीस व्हिसेउची डचेस झाली, तिच्या पोटी मानुएल. हाच तो मानुएल राजा, ज्याच्या कारकिर्दीत वास्को द गामा कालिकतला पोचला. दोघांचाही पणजोबा पहिला ब्रागांझा. घराण्याचा कुणी ड्यूक राजगादीवर बसण्याच्या कितीतरी आधी त्याचं रक्त मुलींच्या वाटेनं दोन सिंहासनांवर पोचलं होतं.

याचा उपयोग लगेच झाला. पोर्तुगालचा दुसरा जुआंव राजा सरदारांचे पंख छाटायला निघाला. तिसरा ड्यूक फेर्नांदो याचा कास्तीलशी चाललेला पत्रव्यवहार सापडला. १४८३ च्या जूनमध्ये इथे एव्होरात, झिराल्दो चौकात, त्याचं डोकं उडवलं. आज तिथे कॅफेच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, मी जवळजवळ रोज तिथून जाते. जमिनी जप्त, पदवी रद्द. घराणं इथेच संपायला हवं होतं. पण फेर्नांदोची विधवा इझाबेल ही याच राजाची राणी लिओनोर हिची सख्खी बहीण, मानुएलचीही बहीण आणि कास्तीलच्या इझाबेला राणीची मावसबहीण. मुलं सीमेपलीकडे कास्तीलमध्ये पाठवली गेली, तिथे वाढली. १४९५ मध्ये मानुएल गादीवर आला आणि त्यानं भाचा जायमेला बोलावून सगळं परत दिलं. आईचं नातं नसतं तर हे शक्य नव्हतं.

व्हिला व्हिसोझाचा वाडा या जायमेनं १५०१ मध्ये बांधायला घेतला. दर्शनी भाग तब्बल ११० मीटर लांब, पुढे सबंध त्याच गावच्या संगमरवरानं मढवलेला. मुदपाकखान्यात तांब्याची भांडी ओळीनं टांगलेली आहेत, आमच्याकडच्या पाहुण्या बायका तिथून हलत नाहीत. त्याच वाड्यात जायमेनं १५१२ मध्ये संशयावरून आपली बायको लिओनोर दे मेंदोसा हिचा खून केला. तिला शिक्षा झाली, त्याला झाली नाही. पुढच्या वर्षी स्वखर्चानं मोरोक्कोतलं आझेमूर जिंकून त्यानं राजाची मर्जी राखली. लेकीसुनांनी उभ्या केलेल्या घराचा हाही हिशेब आहे आणि तो वाडा पाहताना मला विसरता येत नाही.

कातारीनापाशी येते. ती जायमेची नात, आणि बापाकडून मानुएलची. बाप दुआर्ते हा मानुएलचा मुलगा. फिलिपची आई मानुएलची मुलगी. कातारीनाच्या वकिलांचं म्हणणं साधं होतं : मेलेल्या बापाची जागा त्याचं अपत्य घेतं, म्हणून मुलाची मुलगी ही मुलीच्या मुलाआधी. कोइंब्रा विद्यापीठाच्या पंडितांनीही तिची बाजू मांडली. पण तेव्हा घराची अवस्था अशी की तिचा दहा वर्षांचा मुलगा तेओदोसियो आजारी बापाच्या जागी अल्कासर-किबीरला नेला गेला आणि मोरोक्कोत कैद होऊन राहिला, १५७९ मध्ये सुटला. त्यामुळे 'गप्प बसले' या शब्दांशी मी सहमत नाही. ती हरली, तिनं हक्क सोडला नाही. १६४० मध्ये जे कागद बाहेर काढले गेले ते तिनंच उभे केलेले होते.

मधली साठ वर्षं भुईगावकरांनी मुलांना अशी सांगावीत. आधी फिलिपनं पोर्तुगालचे कायदे, नाणी, भाषा सगळं वेगळं राखायचं वचन दिलं आणि बरंचसं पाळलं. नातवाच्या काळात ओलिव्हारेस या मंत्र्यानं माद्रिदच्या युद्धांसाठी कर वाढवले. स्पेनचे शत्रू ते पोर्तुगालचे शत्रू ठरले. १६२२ मध्ये इराणच्या आखाताच्या तोंडावरचं होर्मुझ गेलं, १६३० मध्ये डचांनी ब्राझीलचं पेर्नांबुको घेतलं. १६३७ मध्ये एव्होरात करांविरुद्ध उठाव झाला, त्याची फर्मानं गावातल्या एका भोळसट माणसाच्या, मानुएलिन्योच्या नावानं निघत, म्हणजे खरा लिहिणारा सापडू नये. १६४० च्या जूनमध्ये स्पेनचा कातालोनिया प्रांत पेटला आणि पोर्तुगीज सरदारांना तिथे लढायला जायचा हुकूम आला. तो कुणाला पाळायचा नव्हता.

१ डिसेंबर १६४० च्या सकाळी सुमारे चाळीस सरदार लिस्बनच्या राजवाड्यात शिरले. माद्रिदच्या बाजूचा सचिव मिगेल दे व्हास्कोन्सेलोस कपाटात लपला होता, त्याला ठार करून खिडकीतून खाली फेकलं. आठवा ड्यूक जुआंव तेव्हा व्हिला व्हिसोझात होता. शिकार आणि संगीत हे त्याचं आयुष्य. त्याचा संगीतग्रंथांचा संग्रह युरोपातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक होता, १७५५ च्या भूकंपात सगळा गेला, फक्त १६४९ मध्ये छापलेल्या सूचीचा एक भाग उरलाय. त्याची बायको लुईसा दे गुझमान अंदालुसियाच्या मेदिना सिदोनिया घराण्यातली, म्हणजे स्पॅनिश. नवरा घुटमळत असताना तिनं होकाराच्या बाजूनं वजन टाकलं. १५ डिसेंबरला जुआंव चौथा म्हणून त्याची द्वाही फिरली. १ डिसेंबरला आजही इथे सुट्टी असते.

मडगांवकार :

सुरेख लिहिलंय, ताई. आमच्या बाजूची एक गोष्ट जोडतो. तुम्ही सांगितलेल्या जायमेचाच मुलगा कोन्स्तान्तिनो दे ब्रागांझा १५५८ ते १५६१ गोव्यात व्हाइसरॉय होता. १५५९ मध्ये दमण त्यानंच घेतलं. १५६० मध्ये जाफनाच्या स्वारीत बुद्धाचा म्हणून पूजला जाणारा दात त्याच्या हाती आला. ब्रह्मदेशातल्या पेगूच्या राजानं प्रचंड रक्कम देऊ केली असता धर्मगुरूंच्या सांगण्यावरून त्यानं तो गोव्यात जाहीरपणे कुटून जाळला. गोव्यात इन्क्विझिशन (पाखंड्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय) सुरू झालं तेही याच्याच कारकिर्दीत. तेव्हा ब्रागांझा हे नाव राजघराणं होण्याच्या ८० वर्षं आधीपासून आमच्याकडे पोचलेलं आहे, आणि त्याची आठवण चांगली नाही.

गोव्यात ब्रागांझा आडनाव भेटतं म्हणून कुणी राजघराण्याशी रक्ताचं नातं जोडू नये. बाप्तिस्मा घेताना पोर्तुगीज धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं आडनाव घ्यायची रीत होती. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध आयुष्यभर लिहिणारे लुईस दे मिनेझिस ब्रागांझा याच आडनावाचे, हे मला फार मोलाचं वाटतं.

भुईगावकर :

दोघांचेही मनापासून आभार. मांडवातली जमीन, चौकातला शिरच्छेद... हे मुलं ऐकतील. आता मुंबईचं राहिलं. राजकन्येला आंदण द्यायला दुसरं काहीच नव्हतं का?

एव्होरावासी :

नव्हतं, आणि जे होतं ते राखायला माणूस हवं होतं. १६४० नंतर स्पेननं २८ वर्षं या राजाला मान्यता दिली नाही. जुआंवचा भाऊ दुआर्ते जर्मन सम्राटाच्या सैन्यात होता, त्याला १६४१ मध्ये रेगेन्सबुर्गला पकडलं, १६४९ मध्ये तो मिलानच्या किल्ल्यात कैदेतच वारला. पोप स्पेनच्या धाकानं पोर्तुगालचे बिशप नेमेना. १६४६ मध्ये जुआंवनं आपला मुकुट व्हिला व्हिसोझाच्या मातेला, मारियाला, वाहिला. त्यानंतर पोर्तुगालच्या कुठल्याही राजानं मुकुट डोक्यावर घातला नाही, तो बाजूला ठेवलेला असे.

१६५६ मध्ये जुआंव गेला, मुलगा लहान आणि दुबळा, कारभार लुईसाकडे आला. १६५९ च्या जानेवारीत तिच्या सैन्यानं एल्व्हासजवळ स्पेनला हरवलं, पण त्याच वर्षी फ्रान्सनं पिरनीजचा तह करून स्पेनशी समेट केला आणि पोर्तुगालला वाऱ्यावर सोडलं. पूर्वेकडे डच एकेक ठाणं गिळत होते. मलाक्का १६४१ मध्ये गेलं, कोलंबो १६५६ मध्ये. लुईसाला आरमारवाला मित्र हवा होता, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला पैसा हवा होता. २३ जून १६६१ चा तह असा झाला : मोरोक्कोतलं टँजियर, मुंबई, २० लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी) आणि व्यापाराच्या सवलती. बदल्यात फौजा, आणि भारतातल्या पोर्तुगीज ठाण्यांना डचांपासून संरक्षण. चार्ल्सला दिलेली मुलगी कॅथरीन, १६३८ मध्ये व्हिला व्हिसोझाच्या त्याच वाड्यात जन्मलेली. रोख जुळेना म्हणून आंदणाचा काही भाग साखरेच्या रूपानं धाडला.

इथल्यांना मुंबई द्यायची नव्हती, हे मुलांना जरूर सांगा. १६६२ मध्ये अब्राहम शिपमन फौज घेऊन आला, गोव्याचा व्हाइसरॉय अंतोनियो दे मेलो ई कास्त्रो यानं ताबा नाकारला. शिपमनची माणसं कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकली आणि रोगराईनं बहुतेक तिथेच मेली, १६६४ मध्ये शिपमनही. व्हाइसरॉयनं राजाला लिहिलं होतं की इंग्रज मुंबईत बसले त्या दिवशी भारत आपल्या हातून गेला समजा. अखेर १६६५ च्या फेब्रुवारीत हम्फ्री कुकनं ताबा घेतला, आणि १६६८ मध्ये चार्ल्सनं वर्षाला १० पौंड भाड्यानं मुंबई कंपनीला दिली.

लुईसाला काय मिळालं? इंग्रज पलटणी १६६३ मध्ये आमेशियालला आणि १६६५ च्या १७ जूनला मोंतेस क्लारोसला लढल्या. मोंतेस क्लारोस व्हिला व्हिसोझाच्या अगदी शेजारी आहे, स्पॅनिश फौज तेव्हा त्या गावालाच वेढा घालून बसली होती. या लढाईनंतर स्पेन थकलं आणि १३ फेब्रुवारी १६६८ च्या लिस्बनच्या तहात त्यानं ब्रागांझांचं राज्य मान्य केलं. सेउता तेवढं स्पेनकडे राहिलं. लुईसा १६६६ मध्येच वारली होती. तिनं सौदा केला तो मुंबईच्या लोकांना न विचारता, हे खरंच. पण तिच्या बाजूनं पाहिलं तर घर वाचवायला तिच्याकडे तेवढंच होतं.

बखरवाचक :

नशीब हा शब्द मागे घेत नाही, पण लेकीसुनांचा मुद्दा पटला. एक शंका : कातारीनाची थोरली बहीण मारिया पार्माला दिली होती. ती १५७७ मध्ये वारली, पण तिचा मुलगा रानुच्चो हयात होता. 'मेलेल्याची जागा अपत्य घेतं' हा नियम लावला तर कातारीनाच्या आधी रानुच्चो येतो.

एव्होरावासी :

बरोबर पकडलंत, नुसत्या त्या नियमावर कातारीनाचा दावा टिकत नाही. म्हणून दुसरा आधार लागला, परकीय माणूस राजा होऊ शकत नाही हा. त्यासाठी पुढे लामेगोच्या सभेचा कायदा पुढे केला गेला. पोर्तुगालच्या पहिल्या राजाच्या काळचा म्हणून तो १६३२ मध्ये छापला गेला होता. राजाची मुलगी गादीवर येऊ शकते, पण नवरा पोर्तुगीज सरदार हवा, असं त्यात होतं. कातारीनाला हे नेमकं बसतं, फिलिपच्या आईला आणि मारियाला बसत नाही. हा कायदा बनावट होता, इतिहासकारांत त्याबद्दल आता दुमत नाही.

पुढे तोच कायदा ब्रागांझांच्या आड आला. लुईसाचा धाकटा मुलगा पेद्रो हा भावानंतर राजा झाला होता, आणि लामेगोच्या कलमाप्रमाणे अशा राजाच्या मुलाला सभेच्या संमतीशिवाय गादी मिळत नव्हती. पेद्रोला १६९७ मध्ये लिस्बनला सभा बोलवावी लागली, १६९८ पर्यंत ती चालली, कलम बदललं, आणि मगच त्याच्या मुलाचा, म्हणजे पाचव्या जुआंवचा, रस्ता मोकळा झाला. वसई गेली तेव्हा लिस्बनच्या गादीवर होता तो हाच.